ड्रॉप पिन

पुण्याहून आलेल्या स्लाइडवर 'सचोटी' असा शब्द होता.
शेड तीनमधल्या कुणीतरी विचारलं,
हे नवीन क्वालिटीचं कापड हाय का ओ मॅडम?
सगळे हसले. मीही.
मग चाळीस जणांनी सह्या केल्या
आणि चाळीस जणांना दहापैकी दहा मिळाले,
कारण टॅब एकच होता
आणि तो मल्लिनाथच्या हातात होता.

मी वैजयंती चिलवेरी, कंप्लायन्स ऑफिसर,
अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
आई अजून विचारते, म्हणजे नेमकं काय करतीस?
मी एक वही सांभाळते, आलेल्या भेटींची.
दिवाळीत ती भरून जाते:
शेंगाचटणी, पाव किलो, नव्वद रुपये.
कॅलेंडर एक.
भिंतीवरचं घड्याळ, बंद, परत केलं.

मोठ्या रकमा या वहीत उतरत नाहीत.
त्यांची खाती वेगळी:
'सल्ला शुल्क', 'किरकोळ साइट खर्च'.
कडक इस्त्रीचे शब्द.
बसले तरी घडी मोडत नाही.

तक्रारपेटी वॉटर कूलरच्या वर आहे,
कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.
दोन वर्षांत तिच्यात निघालं काय,
तर गुटख्याच्या पुड्या आणि एक लग्नपत्रिका.
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलेलं:
'सुताची भरली गाडी काट्यावर चढती तवा
मागं पाण्याचे ड्रम असतात. रिकामी उतरती तवा नसतात.
खरेदीच्या साहेबांना म्हाईत हाय.
नाव लिवत नाही. पोरगी बारावीला हाय.'

मला अक्षर कळलं.
'ल'ची ती तेलुगू गोलाई,
माझे वडीलही तसाच काढायचे,
गिरणीच्या पगारपत्रकावर, जीभ दातांत धरून.
काट्यावर इरेशम गुर्रम बसतो.

व्हिडिओ मीटिंगला सहा चौकोन होते.
मी ड्रम सांगितले, तारखा सांगितल्या,
दर गाडीमागं दीड-दोनशे किलो पाणी
आपण सुताच्या भावानं घेतलं, हेही.
मला वाटलं, आता विचारतील, किती गेले?
किंवा, कधीपासून?
पहिला प्रश्न आला:
कोणी लिहिलंय?

खाली शेडमध्ये मागाच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर
पोलादाची एक बारीक पट्टी लटकते.
धागा तुटला की ती पडते, सळईला टेकते,
माग उभा राहतो.
तीन हजार धागे, तीन हजार पट्ट्या,
सगळ्या गप्प, आपापल्या धाग्याच्या भरवशावर.
महिनाअखेरीला सतरा नंबरच्या सळईखाली
कुणीतरी बिडीच्या पाकिटाचा पुठ्ठा सारतं.
पट्टी पडते, पण पुठ्ठ्यावर.
माग चालू राहतो.
टॉवेलला एका धाग्याएवढी रेघ सुटते,
उजेडात धरली तरच दिसते,
आणि उजेडात धरतं कोण,
लोक तोंड पुसतात.

नियम चार पूर्णांक दोन:
तपासात खोटी माहिती देऊ नये.
मराठी भाषांतर मीच केलंय, खाली सही माझीच.
मी म्हणाले, अक्षर ओळखता येत नाही, सर.
एक चौकोन बराच वेळ हलला नाही.
नेट अडकलं होतं, की तो माणूस, कळलं नाही.

काटा सोमवारी सील होणार म्हणतात.
म्हणतात.
इरेशम रोज गेटवर नमस्कार करायचा.
आज त्यानं टायरकडे बघितलं,
आणि मीही पर्समध्ये काहीतरी शोधलं.

दुपारी मी शेडमध्ये गेले
आणि सतरा नंबरचा पुठ्ठा ओढून काढला.
माग थांबला.
आजूबाजूचे तेवीस चालूच होते,
म्हणून शांतता वगैरे काही झाली नाही.
चालवणारा पोरगा माझ्याकडे बघत राहिला,
बोनसचं काय ओ मॅडम, असं तोंड करून.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुठ्ठा होता.
मग तो वाकला,
आणि तीन हजारांतला तो एक
बोटांनी चाचपू लागला.