पिवळं, लाल, काळं

श्वांडेनच्या छपाई-गिरणीचा वाळवणमनोरा
माझ्या पडद्यावर उभा आहे, वीतभर उंच.
खाली दगडाचे चार मजले, वर लाकडाचे दोन,
जिथून ओलं कापड टांगत, वीस-वीस हात लांब,
कुठल्या कुठल्या मुलखातल्या डोक्यांसाठी.

आमचा रिवाज साधा आहे :
आहे ते काळं,
जाणार ते पिवळं,
येणार ते लाल.
प्रत्येक भिंतीला विचारते, बाई गं, तू कोणाची?
आणि तिच्या कपाळी रंग लावते.

मागे नेट्स्टालच्या शाळेला
तीन पर्याय म्हणून तीन फायली केल्या होत्या.
एक तुळई चार सेंटिमीटरनं चुकलेली निघाली.
एका फायलीत मी सुधारली, दुसरीत बेआटनं,
तिसरीत ‘तू केलीस ना?’ म्हणत कुणीच नाही.
पालिकेनं नेमकी तिसरी निवडली.
जिन्याखाली उभा राहून सुतार जे बोलला
ते इथल्या बोलीत होतं. मी एंगाडिनची,
पण शब्द न् शब्द कळला.

म्हणून या वेळी मॉडेल एकच.
त्याच्याच पोटात सगळी घरं :
अ मध्ये ग्रंथालय,
ब मध्ये आठ बिऱ्हाडं,
क मध्ये छप्पर तेवढं धड, बाकी वारा.
उत्तरेची भिंत अ मध्ये काळी, ब मध्ये पिवळी.
बोट दाबलं की उभी, बोट दाबलं की नाही.
तुळई मात्र तिघांत मिळून एक,
एकदा मोजली की झालं.

सभेला फ्रिडोलिन त्सोप्फी आला,
सहकारी संस्थेचा सर्वांत जुना सभासद, कानाला यंत्र,
पडद्याला नाक लागेल इतका जवळ.
‘ही काळी का?’
कारण ती आहे, मी म्हटलं.
‘ही माझ्या बापानं घातली.
एका शनिवारी, दोन गडी घेऊन.
इथे दार होतं. पोरी कापड धुवायला
इथूनच नदीवर जायच्या.
मालकाला वाटायचं, यायला फार वेळ लावतात.’

म्हणजे काळी एके काळी लाल होती,
आणि ते दार पिवळं.
माझ्यापाशी तीन रंग, तिन्ही आजपासून पुढचे.
मी मागे एक पायरी खोदली : एकोणीसशे चोपन्न.
त्याच्या बोटाच्या अंदाजानं दार काढलं.
‘आणखी डावीकडे,’ तो म्हणाला,
मग म्हणाला, ‘असेल, असेल.’
मग खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं,
एवढंच. रडला वगैरे नाही.

रात्री कुणी न सांगता मी ड केला.
त्यात दार उघडं. त्यातून नदी दिसते, सेर्न्फ,
जिला मॉडेलमध्ये पाणी नाही,
नुसता एक निळा पट्टा.

मतदान झालं, हात वर करून.
अ ला एकतीस. ब ला बारा.
क ला एक, तो हात शाळामास्तरचा.
ड मी मांडलाच नाही. दाराला खर्च येतो,
आणि ग्रंथालयाला भिंत लागते, कपाटांसाठी.

बेआट म्हणतो, फाईल जड झालीये,
ब, क, ड काढून टाक.
काढते म्हणते.
दर शुक्रवारी म्हणते.

काल उत्तरेचा गिलावा उतरवला.
आत विटांची कमान, बुजवलेली,
वर पेन्सिलीनं कुणाचे तरी आकडे,
खाली गुळगुळीत झालेला दगडी उंबरा.
मी फीत धरली.
माझ्या दारापेक्षा चार सेंटिमीटर डावीकडे.

कचेरीत येऊन कोट न काढताच
ते दार सरकवलं, एकदाच.
अ मध्ये सरकलं, कपाटांच्या मागे.
आणि न होणाऱ्या आठ बिऱ्हाडांत,
आणि मास्तरच्या वाऱ्यात,
आणि ड मध्ये, जिथे ते उघडं आहे,
तिथेही.