सोमवारची धार

पहाटे साडेचारला ती येते, मुंबईच्या गाडीनं,
शिशाच्या अंगरख्यात.
बादलीएवढी, पण एकट्याला उचलत नाही.
वॉचमन दिलावर सही घेतो
आणि दरवेळी विचारतो, "मॅडम, आली का गाय?"

आमच्या धंद्यात तिला गायच म्हणतात.
मी मनातल्या मनात म्हैस म्हणते.
गवळ्याच्या घरची मी.
गंगावेशीत माझे वडील अजून गिऱ्हाईकासमोर धार काढतात,
ग्लासात चार बोटं फेस,
आणि तालमीतली पोरं उभ्या उभ्या पितात,
ओठांवरची पांढरी रेघ पुसतही नाहीत.

माझ्या म्हशीला शिंगं नाहीत.
पोटात मोलिब्डेनम, सहासष्ट तासांत अर्धं होणारं.
एका अंगाला मिठाचं पाणी, दुसऱ्या अंगाला
हवा काढून घेतलेली कुपी.
ओढायचं काम कुपीच करते.
मी शिशाच्या आडोशानं मोजत उभी.
येतं ते पाण्यासारखं. रंग नाही, वास नाही,
फेस तर नाहीच.
सोमवारी भरपूर, बुधवारी बरं,
शनिवारी भाकड.

टेक्नेशियम.
तक्त्यातलं त्रेचाळिसावं घर, कितीतरी वर्षं रिकामं.
लोकांनी दगड कुटले, सापडलं म्हणून गुलाल उधळला,
आणि तो पुसावा लागला.
शेवटी माणसानं करूनच ते त्या घरात बसवलं.
नावाचा अर्थच तो: केलेलं.
सहा तासांत अर्धं, आणखी सहा तासांत त्याचं अर्धं.
साठवता येत नाही. नासायच्या आत वाटायचं.
हे मला कुणाला शिकवावं लागलं नाही.

आज पहिला नंबर बाळगोंडा चौगुले, वय एकाहत्तर, शिरोळकडचे.
कान चुरगळलेले, मान अजून खांबासारखी.
कंबर दुखते. कागदावर प्रोस्टेट लिहिलंय.
"सुईत काय हाय गं पोरी?"
"उजेड," मी म्हटलं,
आणि इतकं सोपं बोलल्याची लाज वाटली.

"आप्पा, रेडकू मेलं तर काय करता तुम्ही?"
"कातड्यात पेंढा भरतो. म्हशीम्होरं उभं करतो."
"मग?"
"चाटती. पान्हा सोडती."
"हे तसंच. हाडाला फॉस्फेट आपलं वाटतं, जवळ घेतं.
त्या कातड्यात आम्ही हे भरलंय."

ते बराच वेळ दंडावरचा कापूस दाबत राहिले.
"म्हंजे हाडाला फसिवतासा."
"व्हय."
"म्हशीला कळत असतंय बरं का.
चाटताना कळतंय तिला. तरी सोडती."

तीन तास. पाणी प्या, पुन्हा पुन्हा लघवीला जा,
आज नातवाला मांडीवर घेऊ नका.
नातू काचेपलीकडे, खिशात चिंचा.

मग कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश सरकला
आणि पडद्यावर ते ठिपक्या-ठिपक्यानं उगवले:
कवटी, फासळ्या, पाठीच्या कण्याची माळ.
दुखरं हाड जास्त चाटतं, म्हणून जास्त उजळतं.
एक जागा फासळीत, एक खुब्यात,
तिसरी कण्यात, अगदी खाली.
यातली जुनी कुस्ती कुठली
आणि नवी कुठली, ते डॉक्टर सांगतील.
मला सांगायची मुभा नाही.
मी बटण दाबलं, हलू नका म्हटलं. ते हललेच नव्हते.

परवापर्यंत अंगात जवळजवळ काही उरणार नाही,
एवढं मी सांगितलं.
विझल्यावर जे उरतं
ते अर्धं व्हायला दोन लाख वर्षं घेतं,
ते सांगितलं नाही.

सदऱ्याच्या गुंड्या लावताना त्यांनीच विचारलं,
"आणि भाकड झाल्यावर? बाजार दावता का तिला?"
"नाही आप्पा. जिथनं आली तिथं परत धाडतो."
"बरं करता," म्हणाले.

फाटकाकडे जाताना नातू त्यांच्यापासून चार हात लांब,
सांगितल्याप्रमाणे,
दर थोड्या वेळानं थांबून
मधलं अंतर पावलांनी मोजून बघणारा.