चार्ज

वेनाचीच्या कोर्टात ऑक्टोबरात हीटर उशिरा तापतो.
जज्जबाई लिंडक्विस्ट स्वेटरवरच काळा झगा चढवून येतात.
त्यांच्या आणि इलारिओच्या मध्ये मी उभी,
मिरजेची दुभाषी,
दोन घरांमधल्या बोळासारखी:
राहायला कुणी नाही, सगळे इथूनच जाणार.

इलारिओनं बागेत गळून पडलेली सफरचंदं भरली,
दोन गोण्या. मालकाच्या मुलानं फोटो काढला.
एवढाच खटला.
बाई म्हणाल्या, चार्ज काढून टाकलाय.
हे वाक्य मी झोपेतही फिरवते.
फिरवलं: ले कितान एल कार्गो.

त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं.
टोपी हातात चुरगाळत म्हणाला,
'कुणी काढला? ग्रामसभेनं?'

ओआहाकाच्या डोंगरात त्याचं गाव,
तिथं कार्गो म्हणजे आळ नव्हे.
कार्गो म्हणजे गावानं हातात दिलेली काठी,
वर्षभर, बिनपगारी.
रात्रीची गस्त, पाण्याची चावी, देवळापुढचं अंगण.
तीन वर्षं हा इथून पैसे पाठवतोय
आणि चुलतभाऊ ह्याच्या वाटणीची गस्त घालतोय.
येत्या जानेवारीत ह्याचं स्वतःचं नाव पुकारणार.
कार्गो गेला की घर गेलं,
आणि स्मशानातली जागाही.

आणि मी त्याला सांगितलं होतं, काढला.
आनंदाच्या आवाजात.

माझे वडील पाणीपुरवठ्यात होते.
जतला बदली झाली तेव्हा आई शेजारणीला म्हणाली,
'ह्यांनी सोमवारी चार्ज घेतला.'
मला वाटलं, काहीतरी खायचं असणार.
घेतला होता तो किल्ल्यांचा जुडगा,
आणि बत्तीस गावांच्या शिव्या.
निवृत्तीच्या दिवशी चार्ज दिला,
तरी पुढे कित्येक महिने
हात आपोआप खिशाकडे जायचा
आणि रिकामा परत यायचा.

म्हणजे मला हे माहीत होतं.
पदभार, कार्यभार, विजेचा भार:
माझ्या भाषेनंही हे सगळं एकाच खांद्यावर घेतलंय,
स्पॅनिशसारखंच.
फक्त वीजबिलावर आम्ही चार्जला आकार म्हणतो.
स्थिर आकार, नव्वद रुपये.
लहानपणी मी ते बिल उलटंसुलटं करून बघायचे,
चौकोन कुठे आहे म्हणून.

हात वर केला.
नियमाप्रमाणे स्वतःला परकं करून म्हणाले,
'दुभाषीला एक दुरुस्ती करायची आहे.'
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
घड्याळ वाजत होतं, की हीटर, कोण जाणे.
या वेळी मी नाम सोडून दिलं, क्रियापद धरलं:
तुमच्यावर आता कुणीही काहीही ठेवत नाही.
गावाचा इथं काही संबंध नाही.
काठी तुमचीच आहे.

शेवटचं वाक्य बाई बोलल्या नव्हत्या.
ते माझ्या अंगावर.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मेलेला फोन दाखवला,
'कार्गा आहे?'
मी पर्समधून वायर काढून दिली.
भिंतीशी उकिडवा बसला, प्लगाजवळ,
शेकोटीला बसतात तसा.
सात टक्के झाल्याबरोबर गावाला फोन लावला.

मिश्तेक मला एक अक्षर येत नाही.
चढ-उतार ऐकू येत होते, मध्येच हसू,
आणि दर थोड्या वेळानं
पाण्यात दगड दिसावा तसा तो एक शब्द.
एकदा माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला.
पलीकडे बरीच माणसं हसली.
काय म्हणाला ते विचारलं नाही.
मला कुणी दुभाषी दिलेला नव्हता.

बाकावर बसून कोर्टाचा फॉर्म भरला.
तारीख. खटल्याचा क्रमांक. भाषा.
दुभाषीचा चार्ज: दोन तास,
अधिक येण्याजाण्याचे चौतीस मैल.
दुरुस्तीसाठी रकाना नव्हता.
वायर अजून त्याच्याकडेच होती,
आणि तो अजून बोलत होता.