अंक एकेचाळिसावा

ईरी शहरात सरोवरावरून बर्फ आडवा येतो,
तळघराची खिडकी नोव्हेंबरातच बुजायची
आणि आमचा छापखाना सुरू व्हायचा:
शाळेने मोडीत काढलेलं सायक्लोस्टाइल यंत्र,
शाईचा एक डबा,
हँडल फिरवायला मी.

वडील दिवसा पोस्टात पत्रं लावत,
रात्री मेलेल्या मासिकांचा इतिहास लिहीत.
दहा सेंटवाली मासिकं. कागद भुशाहून जरासा बरा,
पान उलटलं की कोपरा बोटाला चिकटून यायचा;
वडिलांच्या स्वेटरवर कायम
कुणाच्या तरी खुनाचा चुरा.

वर्गणीदार त्रेसष्ट.
एक दंतवैद्य, दोन पाद्री,
आणि तुरुंगातला एक जण, ज्याच्याकडे
स्टेपलची पिन जाऊ देत नसत,
म्हणून त्याची प्रत आई दोऱ्याने शिवायची.
हे सगळे पानंच्या पानं भांडत:
मुखपृष्ठावरच्या बाईचा झगा मुळातच नारिंगी,
की त्या महिन्यात लाल शाई महागली होती?

वडिलांचा प्रश्न मात्र एकच.
मार्च एकोणीसशे एक्केचाळीस,
‘मिडनाइट फेरी’चा शेवटचा अंक.
कॅप्टन स्ट्रूड मिठाच्या खाणीत दोराला लोंबतोय,
वर कंदील घेऊन कुणीतरी
दोर कापतंय,
आणि त्याखाली: क्रमशः.

पुढचा अंक निघालाच नाही.
वडील तेव्हा अकरा वर्षांचे.
स्ट्रूडचं माहीत नाही, पण यांनी तो दोर
तेहतीस वर्षं सोडला नव्हता.

लेखक कर्नल ड्रेक हॅलोरन,
म्हणजे कुणीच नाही.
एकच कोट, पाच-सहा जण आळीपाळीने घालायचे,
शब्दाला एक सेंट.
प्रत्येक अंकात वडील चौकट टाकत:
मार्चचा कर्नल कोण? कळवावे.

फेब्रुवारीत नेब्रास्काहून पत्र आलं,
पाठीमागे किराण्याचा हिशेब.
‘तो कर्नल मी. ओपल रुडबेक, वय एकाहत्तर.
तेव्हा नवरा आजारी, टाइपरायटर भाड्याचा.
शेवट लिहून पाठवला होता, चेक आला नाही.
कार्बन प्रत कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरली.
काय झालं ते आता आठवत नाही.
शब्दावर पैसे मिळायचे, तेव्हा तो
झटकन मेला नसणार, एवढं नक्की.
आणि कंदील बाईच्या हातात होता.
चित्रकाराने मिशा काढल्या
मला न विचारता.’

मला वाटलं, वडील खचतील.
ते म्हणाले, शाई किती उरलीय बघ.

पत्र जसंच्या तसं छापलं, हिशेबासकट:
अंडी नाहीत (घरची), पीठ, गुडघ्याचं मलम.
आई म्हणाली, मलम कशाला?
वडील म्हणाले, तोही मजकूरच.
मग शब्द मोजून त्यांनी चेक लिहिला,
मलमाचेही धरले. एक डॉलर दहा सेंट.

बाईंनी तो वटवला. लगेच.

आणि एप्रिलमध्ये, बर्फ काळा पडून
गटारांतून वाहत असताना,
पोस्टातून वडील स्वतःच ते पाकीट घेऊन आले.
जाडजूड. पाच तिकिटं, एक उलटं चिकटवलेलं.
पहिली ओळ मी खांद्यावरून वाचली:
‘चाकू बोथट होता, हे तिला ठाऊक होतं,
ठाऊक होतं, अगदी पुरतं ठाऊक होतं.’

आई हसली. तेवढ्यातच तीन सेंट, म्हणाली,
आणि सुईत दोरा ओवायला लागली.

वडिलांनी पुढे वाचलं नाही.
खालच्या ओळींवर पट्टी ठेवली,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं
आणि ओठ हलवत, एकेका शब्दावर टिंब देत,
मोजायला बसले.