केसपेपर

आधी पत्ता विचारते मी, दुखणं मग.
सतरा वर्षं या खिडकीत बसून एवढं कळलंय:
दांडेकर पुलाच्या अलीकडं की पलीकडं,
दार रस्त्याला की दार ओढ्याला,
यावरून अर्धा आजार
डॉक्टरीणबाईंच्या आधी मला कळतो.

दार ओढ्याला म्हणजे
पोरांचा दमा, अंगावर चट्टे,
ऑक्टोबरात डेंगी,
आणि ती एक तक्रार, जिला रजिस्टरात रकाना नाही:
आभाळ भरलं की झोप येत नाही.
त्या रात्रीपासून.
नव्या सीमाभिंतीला पाठ लावून माणसं ऐकत बसतात
पलीकडं पाणी काय म्हणतंय.
मी "निद्रानाश" लिहिते,
ऱ्हस्व-दीर्घ तपासून.

डॉ. नेर्लेकर नव्या. उत्साही.
गोळ्यांच्या खाली ठसठशीत लिहू लागल्या:
रोज पाऊण तास चालणे. झाडांमध्ये.
सुदाम खुडेनं चिठ्ठी उलटीपालटी केली.
"मॅडम, हे झाड कुठल्या मेडिकलात मिळंल?"
रांग हसली. मॅडमही हसल्या, जरा उशिरा.
तळजाईला जायचं तर रिक्षाचे ऐंशी,
पहाटे चार घरची भांडी,
आणि टेकडीवर त्या बूटवाल्या माणसांत
आपण कुणाच्या तरी कामावर आलोय असंच वाटतं,
हे बेबीताईंनी मला सांगितलं,
त्यांना नाही.

हुसेनाबी दर सोमवारी. धडधड.
ईसीजी साफ, रक्त साफ,
छातीवर हात मात्र कायमचा.
चौथा नंबर तिचाच असायचा.
दोन सोमवार आली नाही.
आमच्या खिडकीत न येण्याचे
दोनच अर्थ असतात,
मी वाईट तो धरला.

तिसऱ्या सोमवारी सुटल्यावर
कालव्याच्या कडेनं घरी निघाले.
आवर्तन सुटलेलं.
पाणी दौंडला चाललं होतं, इंदापूरला, उसाला.
आमच्यासाठी थांबणारं नव्हतंच,
पण जाता जाता थोडा गारवा
काठावर सांडत होतं.
करंजाखाली हुसेनाबी.
चपला शेजारी, तोंडात बडीशेप,
नजर तारेवरच्या खंड्याकडं.
"अगं, नंबर का नाही लावलास?"
ती सरकली. जागा केली.
"इथं लावावा लागत नाही."

बसले.
बाटल्या गेल्या, निर्माल्याची पिशवी गेली,
एक अख्खी उशी गेली, अभ्र्यासकट.
पाणी स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही.
खंड्यानं सूर मारला, रिकामा आला,
पुन्हा त्याच तारेवर जाऊन बसला
जसं काही झालंच नाही.
माझं मनगट माझ्याच हातात होतं.
घड्याळ लावून मोजलं: बहात्तर.
सकाळी अठ्ठ्याऐंशी होतं.
हे शास्त्र नाही,
उशी गेल्यावर मोजलं, एवढंच.

मग आवर्तन संपलं.
तळाला शेवाळ, खड्ड्याखड्ड्यात डास,
आणि सोमवारी चौथा नंबर हुसेनाबीचा.
"काय होतंय?"
"पाणी बंद झालं."
तक्रारीच्या रकान्यात मी तेच लिहिलं.
डॉ. नेर्लेकरांनी वाचलं,
माझ्याकडं बघितलं,
खोडलं नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर पुराची रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तरी वर येते.
तिच्या शेजारीच पोरांची उंची मोजायची पट्टी.
मुद्दाम नाही लावली कुणी, खिळा तिथंच होता.
श्रावस्ती आल्हाट, वय नऊ, दार ओढ्याला,
पट्टीशी उभी राहिली की हळूच टाचा उचलते.
"टाचा खाली!" मी खिडकीतून ओरडते.
गेल्या वर्षी रेघ तिच्या कपाळातून जात होती.
औंदा बघितलं,
टाचा टेकवून,
दोन बोटं वर.