पंधरा-चाळीस

शारजा, औद्योगिक क्षेत्र सहा. गल्लीला नाव नाही.
टायरच्या ढिगाला उजवी घालून वळलं
की सारंगचाचांचं गॅरेज.
ऑगस्ट. सावलीतला पानासुद्धा
फडक्यात गुंडाळून उचलायचा.

मी गाडी मागे घेते.
गाडी कसली, दीड खोली आणि मोरी,
एकोणीसशे नव्वदची, डिझेलवरची.
एक जर्मन इंजिनिअर मायदेशी जाताना
पडद्यांसकट विकून गेला.
मी सत्तावीस वर्षं इथे
दुसऱ्यांच्या घरांचे भाडेकरार टाईप केले.
हे घर माझ्या नावावर आहे,
फक्त त्याला पत्ता नाही.

तेलाचं विचारलं तर गल्लीभर मतं.
दुकानातला शिजू म्हणतो, पाच-तीस घ्या, फुल सिंथेटिक,
आणि डबा असा फिरवतो की सोनेरी अक्षरं माझ्याकडे यावीत.
ट्रकवाला गुल जमान हसतो,
या उन्हात वीस-पन्नास, मधासारखं दाट,
म्हातारीला पेज कसली पाजता?
माझा भाचा फोनवर, चिंचवडहून:
मावशी, आधी ती विक.

चाचा कुणालाच उत्तर देत नाहीत.
पट्टी ओढतात, पुसतात, पुन्हा बुडवतात.
थेंब अंगठ्यात आणि तर्जनीत चोळतात,
तपकीर घ्यावी तसा नाकाशी नेतात.
दाभोळच्या खाडीत होडीची इंजिनं उघडून
शिकलेलं नाक.

"बाय, थंडीत हिला कुठं नेतेस?"
लिवाच्या वाळूत, जानेवारीत. पहाटे स्वेटर लागतो.
"चालू केलीस की वाजते?"
वाजते. डब्यात खडे हलवल्यासारखी.
अर्धा मिनिट. मग गप्प.

"मग तुझं ते मधासारखं
वर चढेस्तोवर वरचं सगळं कोरडं घासतं.
आणि लई पातळ घातलंस,
तर कडक झालेल्या रबरांतून ते वाट काढील.
आत इतक्या वर्षांचा मळ बसलाय,
त्यातल्या थोड्या मळानंच गळती थोपवून धरलीय.
एका दिवसात सगळं धुऊन काढायचं नसतं, बाय.
कुणाचंच."

हे शेवटचं ते इंजिनाला म्हणाले
की मला, कळलं नाही.
ते तोवर टॉर्च दातांत धरून वाकले होते.

झाकणाच्या आतल्या बाजूला
चिकटपट्टीखाली एक पिवळा कागद.
पेन्सिलीचं बारीक अक्षर, ओळीखाली ओळ,
तारीख, किलोमीटर, आणि दर ओळीला तेच:
पंधरा-चाळीस.
पंधरा-चाळीस.
पंधरा-चाळीस.
शेवटच्या तीन ओळींत तारखा बदलल्या होत्या,
किलोमीटर तेच.

चालवली नाही, तरी तेल बदललं?

"उभ्या गाडीचं तेल पण म्हातारं होतं."
चाचांनी कागदावर बोट टेकवलं, काळा ठसा उठला.
"पायांनी गेला असेल मालक. नायतर बायको.
पण माणूस नेमाचा."

मला ते पडदे आठवले,
पिवळ्या फुलांचे, हाताने शिवलेले,
जे मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकले होते.

शिजूने साधे डबे काढले, किंचित नाराजीनं.
सात लिटर, नवा फिल्टर.
जुनं तेल ट्रेमध्ये उतरायला लागलं,
आधी धार, मग दोरा, मग थेंब.
चाचा शेवटच्या थेंबासाठी थांबले,
मधे एकदा दुपारची नमाज पढून आले,
तरी ते टपकतच होतं.

माझं पेन तेलकट कागदावर उमटेना.
चाचांनी कानामागची पेन्सिल दिली.
मी त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं,
देवनागरी आकड्यांत,
तारीख, किलोमीटर, पंधरा-चाळीस.
त्याचा सात आणि माझा सात
एकमेकांना ओळखत नव्हते.

उरलेलं अर्धा लिटर
ओट्याखाली ठेवलंय,
गोडेतेलाच्या बाटलीपासून लांब.
पडदे अजून पिशवीत आहेत,
फेकायच्या पिशवीत.
उद्या धुईन म्हणते.