१४०६

रेडिओवर मंत्र्यांनी आकडा सांगितला
तेव्हा झ्द्राव्को बॉयलरपाशी ओणवा होता.
वाफ सुटलेली, हातात पाना,
शून्यं किती ते त्याला मोजता आलं नाही.

टोरांटोच्या पूर्वेला, हमरस्त्याकडे पाठ करून
उभी आहे ही इमारत, बावन्न वर्षांची,
माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
मी तपासनीस. ओल मोजतो, भेगेत पट्टी घालतो,
शेवटी लिहितो: मध्यम, गंभीर, तातडीचं.
बॉयलरच्या दारावर एक जुना कागद अजून चिकटलाय.
'तातडीचं'. सन दोन हजार अकरा.
अक्षर माझंच.

लिफ्ट बंद. चौदाव्या मजल्यावर
डल्सी ब्रेथवेट दार उघडून म्हणाल्या,
आधी बस. श्वास घे.
मग माझ्या घराला नावं ठेव.

नावं ठेवण्याजोगं बरंच होतं.
न्हाणीघराच्या छतावर बुरशी,
शेजारची इफ्रा तिला जमैका म्हणते,
नकाशात तसाच आकार दिसतो म्हणून.
बाई बार्बाडोसच्या,
पण पोरीला दुरुस्त करत नाहीत.
रेडिएटर, जो फक्त मे महिन्यात तापतो.
आणि खिडकी.
फटीत ठोकून बसवलेला चमचा, दांडा वाकलेला.
नवऱ्याने ठोकला, गेला त्याच जानेवारीत.
"सरकार येईपर्यंत," म्हणाला होता.
एकवीस हिवाळे.

खिडकी: निकामी.
तात्पुरता उपाय: या रकान्यात
जागा दोनच शब्दांची.

ऑक्टोबरात पैसा आला.
पलीकडच्या जुळ्या इमारतीला पुढच्या वर्षी, म्हणाले.
तिथली माणसं गॅलरीत उभी राहून
आमची क्रेन बघत होती.

खिडकी बसवायला आलेल्या रुईने
पक्कडीने चमचा ओढून काढला,
कचऱ्याच्या पोत्यात टाकणार,
तोच बाई खुर्चीतून उठल्या.
मी त्यांना इतक्या चटकन उठताना
कधी पाहिलं नव्हतं.

धुतला. पुसला. खणात ठेवला नाही.
माझा चहा ढवळला त्याने.
नंतर तो कपात सरळ राहीना,
सारखा माझ्या नाकाकडे वळायचा.

दुहेरी काचेपलीकडे
हमरस्ता मुक्याने वाहत होता.
फारच शांत झालं रे, बाई म्हणाल्या,
आणि नव्या खिटीशी झटापट करून
त्यांनी खिडकी बोटभर उघडली.

समोर, जुळ्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर
कुणीतरी फटीत टॉवेल खुपसत होतं.